अकाउंट्सचा फळा

"मिटा दे. तेरे घर का काम है."

अकाउंट्सचा तास संपला की सर डस्टर माझ्या अंगावर फेकायचे. पन्नास मुलांत फक्त माझ्या. बाबा कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका ऑफिसात झाडू मारायचे, हे अख्ख्या अकरावीला माहीत होतं. मी मुकाट्याने फळा पुसायचे. मागे ऑफिसरांची मुलं हसायची.

"हिसाब दुकानवालों के खून में होता है. तू आर्ट्स ले ले."

विषय बदलायचा अर्ज सरांनीच लिहून आणला. बाबांना बोलावलं. बाबांनी हात जोडले आणि सही केली. माझी सही तेवढी बाकी राहिली. मला सरांपेक्षा बाबांचा राग जास्त आला, खोटं कशाला बोलू?

वर्गातली निम्मी मुलं अकाउंट्सला टरकायची, ट्यूशनमध्ये उत्तरं पाठ करायची. मला मात्र तो विषय मनापासून आवडायचा. त्या आकड्यांत कुणी माझ्या बापाचं काम विचारत नव्हतं.

एक दिवस सरांचाच ताळेबंद जुळेना. तीनदा बेरीज केली. मग चिडून डस्टर माझ्याकडे फेकला. मी फळ्यापाशी गेले आणि चूक दिसली. आगाऊ भरलेला विमा त्यांनी खर्चातून वजा केला होता, पण मालमत्तेच्या बाजूला लिहायचा राहिला होता.

"सर, प्रीपेड इन्शुरन्स असेट्स में नहीं लिया."

मी खडू उचलून आकडा लिहिला. दोन्ही बाजू जुळल्या.

कानाखाली अशी बसली की डोकं फळ्यावर आपटलं. ओठ फाटला. सरांनी माझे केस धरले आणि तोंड त्याच आकड्यावर घासलं.

"अब मिटा."

तोंडात रक्त होतं, खडू होता.

"नहीं मिटाऊँगी."

मी त्यांच्या मनगटाला चावले. दात रुतेपर्यंत चावले. ते ओरडले, केस सुटले. टेबलावर तो अर्ज पडला होता. मी तो बाबांच्या सहीसकट फाडला.

शाळेने बाबांना पुन्हा बोलावलं. सर मनगटाला पट्टी बांधून बसले होते. मुलीला माफी मागायला सांगा, म्हणाले. बाबांचे हात आपोआप जोडले जायला लागले. मी ते धरले आणि खाली केले.

"बाबा, नको."

बाबा माझ्या ओठाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माफी नहीं माँगेगी, सर."

सोमवारी मी पहिल्या बाकावर बसले. ओठाला टाके होते. अकाउंट्सची वही उघडली. डस्टर आला तर तो उचलून त्यांच्याच तोंडावर मारायचा, एवढं ठरवून आले होते.