पेनिसिलिनच्या टाकीत घरचं तेल

पेनिसिलिनच्या टाकीत मी एकदा घरचं, फोडणीचं, शेंगदाण्याचं तेल ओतलं होतं. हसा खुशाल. मीही हसते—पण निम्म्या गोष्टीपर्यंतच. उरलेली निम्मी मी पन्नास वर्षांत एका माणसाखेरीज कुणाला सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, पोरांना नाही. आता सांगतेय ते रडायला नव्हे. रडक्या म्हाताऱ्या मला मुळीच आवडत नाहीत.

तर ती मुलगी बघा. राजगडाखालच्या पालीची, मास्तरांची लेक. दोन वेण्या, बाटलीच्या बुडासारखा चष्मा, आणि इंजिनिअर होणार म्हणून नाक कायम आढ्याला. पुण्यात जीवरसायन अभियांत्रिकी शिकत होती. गावात कुणी विचारलं, म्हणजे काय गं, की ऐटीत सांगायची—जिवाणू आणि बुरशीकडून कारखान्यात काम करून घ्यायचं. "म्हंजी मुकादमीच की," आमची चुलती म्हणाली होती. चुलतीला जेवढं कळलं तेवढं मला पदवी घेऊनही कळलं नसावं.

शेवटच्या वर्षी आमच्या वर्गाला एक पोलादी टाकी दिली होती. आत साखरेचं पाणी, त्यात पेनिसिलिनची बुरशी, खालून हवा. सहा दिवस तिला तान्ह्या पोरासारखं सांभाळायचं. नियम एकच—बाहेरचा एक जंतूही आत जाता कामा नये. म्हणून आत जाईल ती प्रत्येक गोष्ट आधी वाफेवर निर्जंतुक करायची. चौथ्या दिवशी दुपारी पाळी माझी होती. सर जेवायला गेलेले. आणि टाकीत फेस चढायला लागला, उतू जाणाऱ्या दुधासारखा. फेस मारायला वरून थोडं तेल सोडतात. ते निर्जंतुक करून एका बाटलीत भरून ठेवलेलं होतं. ती बाटली माझ्या हातून फुटली. नवं तेल तयार करायला तास तरी लागला असता. मग या विदुषीनं काय केलं? सकाळीच घरून आलेली बाटली पिशवीतून काढली आणि ओतली. का? तर लोणच्यावर तेलाचा थर असला की त्याला बुरा येत नाही, हे आईनं शिकवलेलं. म्हणजे तेलात जंतू टिकतच नाहीत—नाही का? चार वर्षांचं शिक्षण लोणच्याच्या एका बरणीपुढं आडवं झालं.

इथपर्यंत हसायचं.

ती बाटली बबनमामांनी आणली होती. बबनमामा आमच्या प्रयोगशाळेतले शिपाई. वरवे बुद्रुकचे, बौद्ध, वयानं माझ्या वडिलांएवढे. सुट्टीला घरी गेले की येताना नसरापूरच्या एसटी स्टँडवर माझी आई त्यांच्याकडे माझ्यासाठी डबा, तेल, काय काय द्यायची. द्यायची म्हणजे—बाकावर ठेवून दोन पावलं मागं सरायची. मग मामा उचलायचे. त्यांनी पुण्यापर्यंत वागवलेलं तेल आम्हाला चालत होतं. हाताला हात लागलेला चालत नव्हता. मी हे कितीदा बघितलं होतं. कधी काही बोलले का? छे. मला ते दिसलंच नाही, असंही म्हणता येत नाही—दिसत होतं, आणि सोयीचं होतं.

दुसऱ्या दिवशी टाकीला विटलेल्या आमटीचा वास. अख्ख्या वर्गाची मेहनत गटारात. सरांनी सगळ्यांना उभं केलं आणि मला विचारलं, "काल तुमच्या पाळीला टाकीजवळ आणखी कोण होतं?"

मी म्हणाले, "बबनमामा होते."

होतेच की. खिडक्या पुसत होते. एक शब्द खोटा नाही—बघा केवढी हुशार.

मला 'तुम्ही' म्हणणारे सर मामांकडे वळले. "हात धुतले होतेस?"

"टाकीला हातच लावला न्हाई, सायब."

"यांना कितीही शिकवा," सर वर्गाला म्हणाले. वर्गानं माना डोलावल्या. पुरावा कुणीच मागितला नाही. का मागितला नाही, हे मला तिथल्या तिथं लख्ख कळलं होतं. कळलं, आणि मी त्याचाच आडोसा धरला. मामा माझ्याकडे बघत होते. मी वहीत तापमान लिहीत होते—बंद टाकीचं.

त्या वर्षी मामा नोकरीत कायम होणार होते. महिनाअखेरीला त्यांना सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. मला पहिला वर्ग मिळाला.

तुम्ही म्हणाल, तेव्हाचा काळच तसा होता. नका म्हणू. काळाला तोंड नव्हतं, मला होतं. वर्गात एकटी मुलगी होते, घाबरले असेन—तेही नको. फार तर सर ओरडले असते, पुन्हा टाकी लावायला लावली असती. एवढंच. मी तोललं आणि मामांचं पारडं हलकं ठरवलं. कुणी मला माफ करायला निघालं असेल तर त्यानं आपल्या वाटेनं जावं.

निकाल लागल्यावर मी वरव्याला गेले. भातलावणीचे दिवस. मामा दुसऱ्याच्या खाचरातून नुकते आले होते, पोटऱ्यांपर्यंत चिखल. मामींनी चहा टाकला. मनातून मला काय वाटत होतं सांगू? मी कबूल करीन, मामांचे डोळे भरून येतील, ते माझ्या डोक्यावर हात ठेवतील. केवढी हौस मेलीची. सगळं सांगितलं—तेल, बाटली, "बबनमामा होते". मामा चिखल खरवडत ऐकत राहिले. मग त्यांनी मला एक काम सांगितलं. ते मी केलं नाही. सर हयात होते तेव्हा नाही, वर्गातले सगळे भेटायचे तेव्हाही नाही. उलट तीस वर्षं औषधाच्या कारखान्यात टाक्या सांभाळल्या आणि नव्या पोरांना स्वच्छतेवर भाषणं झोडली.

मामा म्हणाले होते, "मला कशापायी सांगताय, ताई? ती टाकी म्याच धुतली, तुमच्या घरच्या तेलाचा वास हुता तिला, मला म्हाईतच हुतं. ज्यास्नी म्हाईत न्हाई, त्यास्नी सांगा."