प्रकृती उत्तम

“बाये, हात वयर कर,” डॉक्टर म्हणाले. मी वर केला. माझा दंड चिमटीत धरून त्यांनी सोबतच्या शिकाऊ पोरापोरींना दाखवला. “बघा. हिला जिमची गरज नाही. आपण पणजीत पैसे भरून घाम गाळतो, हिचा फुकटात गळतो.” सगळे हसले. मुकादमही.

पेडण्याजवळच्या चिरेखाणीवर होतो आम्ही, बेळगावकडची माणसं. गोवा नुकतं राज्य झालं होतं, जिकडेतिकडे घरं उठत होती. त्या घरांचा तांबडा चिरा मी डोक्यावरून खाणीतून वर आणायची. लग्न होऊन आल्यापासून.

कष्टकऱ्यांच्या तब्येतीचा अभ्यास करायला ते आले होते. एक मुलगी फॉर्म भरत होती. किती चालता. किती ओझं उचलता. व्यायाम करता का. शेवटी तिनं वाचलं, “शारीरिक हालचाल भरपूर. प्रकृती उत्तम. इथं सही करा.”

मी म्हटलं, “माझी मान वळत नाही. हात बधिर होतात. पोटातलं मूल पाचव्या महिन्यात गेलं, चौथ्या दिवशी मी परत चिरे उचलत होते. हे कुठं लिहिलंय?”

ती डॉक्टरांकडे बघायला लागली. ते म्हणाले, “त्याला फॉर्मात रकाना नाही. सही कर गे, अजून बायका बाकी आहेत.”

चौथी शिकलेली मी. पुढं आलेल्या प्रत्येक कागदावर सही करत आले होते. दुखलं की नवरा म्हणायचा, तूच नाजूक. मीही तेच मानायची. त्या दिवशी नाही मानलं.

“साहेब, तुम्ही दमलात की थांबता. आम्ही मुकादम सांगेल तेव्हा थांबतो. याला व्यायाम म्हणू नका. पायात अडकवलेला खोडा आहे हा.”

“अडाण्यांना काय सांगायचं,” ते त्या मुलीला म्हणाले, मुद्दाम मोठ्यानं. मला कळावं म्हणून.

मी फॉर्म ओढला. ‘उत्तम’वर काट मारली. मुकादमानं उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. माझ्या मागच्या बायकांनी निमूट सह्या केल्या. त्यांच्यावरचा माझा राग अजून जात नाही.

मग डिचोलीकडच्या खाणीवर गेले. मान तशीच आहे. पण कुणी फॉर्म घेऊन आलं की आधी विचारते, दुखण्याचा रकाना कुठाय? नसेल तर उठते. माझं शरीर काय सोसतं ते मी सांगणार, आणि सांगेन तसंच लिहायचं. जमत नसेल तर आल्या वाटेनं परत जायचं.