पिठाच्या डब्यातलं नख

माझ्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला बाबा चंद्रपूरकडच्या आमच्या गावाहून दिल्लीत द्वारकेला आले. आल्याआल्या त्यांनी रुमालाची एक पुरचुंडी माझ्या हातावर ठेवली. आत वाघनख होतं. चांदीच्या टोपीत बसवलेलं, काळ्या दोऱ्यात ओवलेलं, पिवळट, टोकाला काळपट. लहानपणी ते माझ्या गळ्यात होतं, माझ्याआधी बाबांच्या, त्यांच्याआधी आजोबांच्या. आमच्याकडे मूल उभं राहायला लागलं की ते बांधायचे आणि पाच वर्षांचं झालं की पेटीत ठेवून द्यायचे. आमच्या कुणा पूर्वजाने वाघ मारला असणार, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. शाळेत मैत्रिणींना तसं सांगितलंही होतं.

"इथे सहाव्या मजल्यावर कसला वाघ, बाबा?"

"राहू दे बाई. लेकराच्या अंगावर असलेलं बरं," म्हणत त्यांनी दोरा बांधला.

माझा नवरा फौजेत, तेव्हा त्याची पोस्टिंग दूर होती. मी एका सरकारी कार्यालयात अनुवादक. त्यामुळे घरात आम्ही तिघंच. संध्याकाळी केक कापायला सोसायटीतली मंडळी आली. खालच्या मजल्यावरच्या आंटींनी मुलीला कडेवर घेतलं, नख बोटांत धरून पाहिलं आणि मला स्वयंपाकघरात ओढलं.

"बेटा, ये असली है? उतार दो. इस पर जेल होती है."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

तोवर केकसमोरचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर गेला होता. फ्रॉकवर नख स्पष्ट दिसत होतं. खाली कुणीतरी विचारलं होतं, "टायगर क्लॉ? लीगल है क्या?" फोटो टाकणारीला सांगून मी तो काढायला लावला, पण तोपर्यंत तो किती जणांनी पाहिला असेल कुणास ठाऊक. पाहुणे गेल्यावर मी फोनवर वाचत बसले. वाघाचं नख, दात, कातडं, काहीही घरात बाळगणं गुन्हा. वारशाने आलेलं असलं तरी कागद हवा. आमच्याकडे कागद नव्हता. माझी नोकरी, नवऱ्याची नोकरी, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बाबा, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दाराच्या भिंगातून पाहिलं तर सोसायटीचा गार्ड आणि दोन खाकी वर्दीवाले. रात्री मुलीच्या गळ्यातून काढलेलं नख जेवणाच्या टेबलावर होतं. मी ते उचललं, कणकेच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तळाशी ढकललं आणि तशीच दार उघडायला गेले.

"मॅडम, किरायेदार वेरिफिकेशन."

ते आत येऊन बसले. आधार मागितलं, भाडेकरार पाहिला. "बाबूजी कब आए?" त्यांतल्या एकाने विचारलं. बाबा भिंतीला टेकून उभे होते. "कल," मीच सांगितलं. मग त्याची नजर माझ्या पांढऱ्या हातावर गेली.

"रोटी बना रही थीं?"

"हां," मी म्हणाले.

ते सह्या घेऊन गेले. दार लावलं आणि मी तिथेच जमिनीवर बसले. मुलगी रांगत येऊन मांडीवर चढली आणि हातावरचं पीठ चाटायला लागली.

"नाल्यात टाकून देऊ या," मी म्हणाले.

"ते टाकायचं नसतं."

"मग काय करायचं, बाबा? तुम्हीच सांगा. माझा जीव जायची वेळ आली होती!"

मी त्यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. ते म्हणाले, "मीच आणलं हे तुझ्या घरात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला आंघोळ घालून बाहेर आले तर बाबा नव्हते. अंथरुणाची घडी घातलेली, फोन उशीवर. चपला नाहीत. स्वयंपाकघरात कणकेचा डबा उघडा होता आणि मधे हाताएवढा खड्डा.

मुलीला आंटींकडे सोडून मी पळत सुटले. सोसायटीमागची बाग, सेक्टरचं मार्केट, मंदिर. गेटवरचा गार्ड म्हणाला, टोपीवाले बाबूजी रिक्षात बसून गेले. कुठे, ते त्याला माहीत नव्हतं. बाबांना हिंदी समजत असे, पण बोलताना अडखळत. मला सारखं दिसायचं, कुणीतरी त्यांच्या खिशातून नख काढतंय आणि त्यांना उत्तर देता येत नाहीये. नाहीतर ते नाल्याच्या काठावर वाकलेत. पोलीस चौकीसमोर मी दोनदा गेले आणि दोनदा परत फिरले. वडील हरवलेत आणि मला ते पोलिसांना सांगायची भीती वाटत होती. तशी भीती मी त्याआधी कधी अनुभवली नव्हती. तिच्यात स्वतःची किळसही होती.

साडेअकराला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ताई, मी कोपर्निकस मार्गावरून बोलतोय, आपल्या राज्याच्या सदनातून. तुमचे वडील इथे बसलेत. तुमचा नंबर त्यांना पाठ आहे म्हणून बरं. घाबरू नका, चहा दिलाय त्यांना."

आल्या दिवशी दुपारी मी त्यांना तिथे जेवायला नेलं होतं. दिल्लीतली तेवढी एकच वाट त्यांना ठाऊक होती, एकच मेट्रो, मंडी हाउसपर्यंत. मी पोहोचले तेव्हा ते सोफ्याच्या कडेवर बसले होते, गुडघ्यावर सुपारीची डबी, दोन्ही हात तिच्यावर.

"म्हटलं, आपल्या वनखात्याचा कोणी साहेब उतरला असेल तर त्याच्या हातात द्यावं. मराठीत सांगता येईल."

"मेट्रोत तपासलं नाही?"

"तपासलं ना. डबी घेतली, हलवून पाहिली. मी सुपारी म्हटलं."

साहेब कोणी नव्हता. काउंटरवरच्या माणसाने चौकशी करून दिल्लीच्या वन विभागाच्या एका कार्यालयाचा पत्ता काढून दिला. हळूच म्हणाला, "स्वतःहून जा, ताई. आजच जा." रिक्षात ती डबी माझ्या पर्समध्ये होती. प्रत्येक सिग्नलला मला वाटायचं, आता कुणीतरी डोकावणार.

तिथल्या अधिकारी बाईंनी नख भिंगाखाली धरलं, उलटं केलं, खालची खाच बघितली.

"असली है."

मी खुर्चीची पाठ घट्ट धरली. बाबा म्हणाले, "माझं आहे. माझ्या नावावर लिहा. मुलीचं नाही."

मग त्यांचा जबाब झाला. ते मराठीत सांगत होते, मी हिंदी करत होते. रोज दुसऱ्यांची वाक्यं फिरवणारी मी, पण त्या दिवशी मला शब्द सापडत नव्हते.

"माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ हाक्यात होता. साहेबलोक मचाणावर बसायचे आणि गावची माणसं खालून डबे बडवत वाघाला त्यांच्याकडे हाकायची. गोळी लागलेला वाघ मागे फिरला तो त्याच्या अंगावर. संध्याकाळी एकाच बैलगाडीतून दोघांना आणलं, वाघाला आणि त्याला. कातडं साहेबाने नेलं. गेलेल्या पोराच्या आईच्या हातात हे एक नख ठेवलं."

म्हणजे आमच्या घरात कुणी वाघ मारलाच नव्हता.

"तिने ते ठेवलं कशाला?" मी विचारलं. बाई पेन धरून थांबल्या होत्या.

"भीतीने. जनावर पुन्हा घरातल्या पोरावर येईल म्हणून. नख गळ्यात असलं की ते आपल्यातलंच समजून सोडून देतं, असं मानत. शिवेवरच्या वाघोबाला शेंदूर लावतात, तोही त्यासाठीच. पूजा कसली, विनवणी ती."

मी हे सांगितल्यावर बाईंनी लिहून घेतलं आणि विचारलं, "मरने वाले का नाम?"

"घरात त्याचं नाव कोणी घेत नसे," बाबा म्हणाले. "मला कधी कळलंच नाही."

बाईंनी तिथे "नाम ज्ञात नहीं" लिहिलं. सही करताना बाबांचं बोट त्या ओळीवर थांबलं होतं.

पंचनामा झाला. नख लखोट्यात घालून लाख लावली. "खुद आए हैं, ये मैंने लिख दिया है," बाई म्हणाल्या. "ज़रूरत पड़ी तो बुलाएँगे." आम्ही निघताना त्यांनी काळा दोरा तेवढा बाबांना परत दिला. तो त्यांनी घेतला नाही.

थंडीत एकदा बोलावणं आलं. मी रजा काढली आणि तासभर आधीच तिथे जाऊन बसले. त्यांना बाबांच्या आधारची स्वच्छ प्रत हवी होती, बाकी काही नाही. "फ़ाइल ऊपर गई है," एवढंच कळलं. त्यानंतर कुणी बोलावलेलं नाही. गावाकडून बाबा दर रविवारी फोन करतात, आधी नातीचं विचारतात, मग आवाज खाली आणून म्हणतात, "कोणी आलं होतं का गं?"

"नाही," मी सांगते.

"इकडेही नाही," ते म्हणतात, आणि फोन ठेवतात.