उतारावरचा दुभाषी

पाणी जीपच्या पेडलच्या वर आलं होतं, पण इंजिन अजून चालू होतं. नदीचं अर्धं पात्र मागे पडलं होतं. माझ्या शेजारी मनराखन, सर्व्हेचा खलाशी म्हणजे हरकाम्या मजूर, मांडीवर थिओडोलाइटची पेटी धरून बसला होता. थिओडोलाइट म्हणजे कोन मोजायची दुर्बीण. सर्व्हे पार्टीकडे धड अशी ती एकच होती. दुरुस्त होऊन आली होती, आणि पलीकडच्या कॅम्पवर साहेब तिची वाट बघत होते.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची ही गोष्ट. मी नागपूरहून येऊन सर्व्हेच्या जीपवर ड्रायव्हर लागलो होतो. मनराखन जवळच्याच गावचा, माझ्याच वयाचा. दोघंही रोजंदारीवर होतो. दिवाळीनंतर आमच्यातले काहीजण पक्के होणार असं साहेबांनी सांगितलं होतं. पक्कं झालं की क्वार्टर मिळणार होतं. मनराखनची बायको आणि लेकरं तेव्हा ताडपत्रीच्या झोपडीत राहत होती, आणि पावसाळाभर तो क्वार्टरशिवाय दुसरं काही बोलला नव्हता.

शिवनाथ नदीवरचा पूल आमच्या कामापासून फार लांब पडायचा, म्हणून आम्ही गाडी उतारावरून घालत होतो. उतार म्हणजे नदी जिथे उथळ असते ती जागा. गाडी पाण्यात घालायची एक पद्धत असते. आधी फॅन बेल्ट काढायचा, नाहीतर पंखा पाणी उडवून प्लग भिजवतो. रेडिएटरपुढे गोणपाट बांधायचं. लो गिअर टाकायचा, आणि पलीकडे लागेपर्यंत ना गिअर बदलायचा ना ॲक्सिलरेटर सोडायचा. वाहत्या पाण्याकडे बघायचं नाही. बघितलं की हात आपोआप पाण्याबरोबर वळतात. त्यासाठी खलाशी पुढे चालतो. त्याच्या पाठीवर नजर ठेवायची आणि मागून जायचं. पाणी त्याच्या कमरेच्या वर गेलं तर परत फिरायचं. खलाशी चालल्याशिवाय गाडी पाण्यात घालायची नाही, हा साहेबांचा नियम होता.

त्या दिवशी मनराखन धोतर खोचून पाण्याकडे निघालाच होता. मीच त्याला थांबवलं. जीपमध्ये पाणी शिरणार, पेटी कुणीतरी मांडीवर धरायला हवी. तो आधी पेटी पलीकडे पोचवून परत येणार, मग गाडीपुढे चालणार, यात वेळ जाणार. साहेब आधीच तापलेले. चार दिवसांपूर्वी मी इथूनच गेलो होतो. बस, म्हटलं. तो बसला.

त्या चार दिवसांत काय झालं होतं ते नंतर कळलं. कारखान्याच्या काँक्रीटला वाळू लागायची. ठेकेदाराचे ट्रक येऊन नेमकी उतारावरची वाळू उपसून गेले होते. मग वरच्या अंगाला पाऊस झाला, पाणी हातभर चढलं आणि खड्डा झाकला गेला. कुणीही पायी गेला असता तर खड्ड्यात पाय पडताच त्याला समजलं असतं.

पुढचं चाक त्या खड्ड्यात गेलं. बॉनेट पाण्याखाली गेलं आणि इंजिन बंद पडलं. पाण्यात बंद पडलेलं इंजिन चालू करायचं नसतं. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. हे मला चांगलं माहीत होतं. तरी मी सेल्फ मारला. आतून लोखंड आपटल्याचा आवाज आला.

जीप कलंडली तसा मनराखन बाहेर फेकला गेला. पाण्यात दोनदा खाली गेला, पण पेटीचा पट्टा त्यानं सोडला नाही. गळ्याएवढ्या पाण्यातून तो ती पेटी डोक्यावर घेऊन पलीकडच्या काठाला लागला. साहेबांनी पेटी उघडली. आतून पाणी आणि वाळू निघाली.

साहेब मद्रासकडचे. माणूस सरळ, कडक. हिंदी तोडकीमोडकी यायची, छत्तीसगढी अजिबात नाही. मजुरांशी बोलायचं झालं की ते मलाच मध्ये घालायचे, कारण मी ती भाषा उचलली होती. त्या दिवशीही काठावर उभं राहून त्यांनी मलाच विचारलं, पाण्यात कोण चाललं होतं?

"कोणी नाही, सर," मी म्हणालो. ते खरंच होतं.

"आस्क हिम व्हाय."

मी मनराखनला विचारलं. तो ओल्या कपड्यांत कुडकुडत उभा होता. साहेबांकडे न बघता माझ्याकडे बघून बोलला, दुभाष्याकडे बघून बोलतात तसा.

"भइया कहिस, बइठ जा, डब्बा ला धरे रह. त मैं बइठ गेंव."

भइया म्हणजे मी. मी बस म्हणालो, पेटी धर म्हणालो, म्हणून तो बसला.

मी साहेबांना सांगितलं, "सर, तो म्हणतो पेटी धरायची होती म्हणून बसलो."

"चालणं त्याचं काम नव्हतं?"

हा प्रश्न मात्र मी त्याला पुरा सांगितला. तो खाली बघून म्हणाला, "काम त मोरेच रिहिस." काम माझंच होतं. हेही मी साहेबांना पुरं सांगितलं. एक अक्षर गाळलं नाही.

साहेबांनी त्याला तिथंच कामावरून काढलं. सेल्फचं कुणी विचारलंच नाही. इंजिनात पाणी गेलं एवढंच सगळ्यांनी धरलं. दिवाळीनंतर मी पक्का झालो.

मनराखन कधीमधी आमच्या घरी भाजी आणून द्यायचा. तो यायचा बंद झाला तसं बायकोनं विचारलं, "मनराखनभाऊ कावून नाई दिसून राहिले?"

"काढलं त्याले."

"कावून?"

"काम नीट नाई केलं त्यानं."

साहेबांशी मी खोटं बोललो नव्हतो. खोटं बोललो ते घरी, बायकोशी.

नंतर बऱ्याच वर्षांनी तो मला भिलाई-३ ला मालधक्क्यावर भेटला. वॅगनमधून सिमेंटच्या गोण्या उतरवत होता. अजून रोजंदारीवरच. केसांत सिमेंट, त्यामुळे आधी मी ओळखलंच नाही. त्यानंच हाक मारली. चहाच्या टपरीवर घेऊन गेला. मी मनाशी ठरवलं, आज सांगून टाकायचं. तोंड उघडणार तेवढ्यात तोच म्हणाला, "तुमन त ओ दिन मोर बर अब्बड़ बोले रेहेव, भइया. साहेबेच नइ मानिस."

तुम्ही माझ्यासाठी फार बोललात, साहेबांनीच ऐकलं नाही, असं तो म्हणत होता. त्याला काढल्यावर मी साहेबांशी बराच वेळ बोलत होतो, हे त्यानं लांबून पाहिलं होतं. जीप ओढायला बैल कुठून आणायचे, त्याबद्दल बोलत होतो. इतकी वर्षं हा माणूस मनातल्या मनात माझे आभार मानत होता. चहाचे पैसेही त्यानं मला देऊ दिले नाहीत. सांगायचं ते राहूनच गेलं. नंतर त्याला शोधायला दोनदा धक्क्यावर जाऊन आलो. गोण्या उतरवून घेणारा ठेकेदार काम संपवून गेला होता, त्याची माणसंही गेली होती.

आता कारखान्याच्या ट्रान्सपोर्टमधले अपघात चौकशीला माझ्याकडे येतात. आमच्याकडे एक पद्धत मी घातली आहे. चौकशीत मजुराचं म्हणणं सांगायला त्या गाडीवरचा माणूस घ्यायचा नाही, बाहेरचा बोलवायचा. त्यात अर्धा दिवस वाया जातो आणि साहेब लोक कुरकुरतात. ही पद्धत कशासाठी, ते अजून कुणी विचारलेलं नाही.