कोबीतलं औषध

ऐंशीच्या सुमाराला मी निपाणीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. कोबीत कॅन्सरला अटकाव करणारं द्रव्य असावं, असं एका मासिकात वाचलं आणि सुटीच्या दिवशी मी प्रयोगशाळेत कोबीचा अर्क काढायला लागलो. कोबी घ्यायचो आठवडी बाजारात, बोरगावच्या एका आक्काकडून. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. गड्डा कानाशी धरून ती दाबायची, करकरला तरच माझ्या पिशवीत टाकायची.

तिच्या नवऱ्याला मूत्राशयाचा कॅन्सर होता. कोबी कशाला नेतो ते मी तिला सांगितलं होतं, म्हणून दर बाजाराला ती विचारायची, "मास्तर, निघालं व्हय औषध?"

"न्हाय आक्का, अजून लई वर्षं लागतील."

"मालक हायती तवर बघा की."

पुढं तो गेल्याचं कळलं. दोन बाजार तिची जागा रिकामी होती. तिसऱ्या बाजाराला ती दिसली, तसा मी मान खाली घालून पुढं निघालो. तिनंच हाक मारली आणि दोन गड्डे माझ्या पिशवीत घातले.

"आमचं मालक गेलं. तुम्ही थांबू नगासा. आणि कुणाचं तरी मालक दुखण्यात असतीलच की."

माझ्या हातून औषध काही निघालं नाही. एकदा तरी तिला चांगली बातमी सांगायची होती, ही हुरहूर अजून जात नाही.