तिन्ही काटे एकदम

पुण्याच्या इंजिनिअरसाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा माझ्या हातात चहाची किटली होती. मी चहावाला नाही. शहाद्याजवळच्या जिनिंग मिलमध्ये वीस वर्षं काट्यावर कापसाच्या गाड्यांचं वजन करतो. पण काट्यांचे कॉम्प्युटर सांभाळणारा शेठचा भाचा म्हणाला, "बाबा, साहेब शिकाडी ऱ्हायनात. तू चहा दे." पोरगा माझ्या नातवाएवढा. मला तू म्हणतो.

इंजिनिअर भिंतीवर चित्रं दाखवत होता. नवा प्रोग्राम आधी एकाच काट्यावर टाकायचा. दोन दिवस बघायचं. बिघडला तर जुना परत लावायचा. मगच बाकीच्या काट्यांवर.

टाळ्या. शेठनं त्याला शाल घातली.

आठ दिवसांआधी हेच मी भाच्याला सांगितलं होतं. तो तिन्ही काट्यांवर एकदम नवा प्रोग्राम टाकत होता. म्हटलं, भाऊ, आमच्या तोरणमाळच्या डोंगरात नवा पाट काढला की आधी एका वाफ्यात पाणी सोडतो. फुटला तर एक वाफा जातो, शेत वाचतं.

"बाबा, तू डोंगर उतरना तेवढं बस. आते कॉम्प्युटरवर चढू नको."

सगळं ऑफिस हसलं. दुपारी तिन्ही काटे बंद. गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. म्हणून तर शेठनं हा इंजिनिअर बोलावला.

जळतो मी त्याच्यावर. खोटं कशाला बोलू. त्याच्या शालीवर जळतो, त्याच्या इंग्रजीवर, त्याला पुढं सरकवलेल्या खुर्चीवर. माझ्या तोंडून निघालं ती चेष्टा. त्याच्या तोंडून निघालं ते ज्ञान.

जाताना तो सांगून गेला, बिघाड झाला की काय घडलं ते खरं लिहा, कुणावर ढकलू नका. त्याची गाडी फाटकाबाहेर गेली न गेली, भाच्यानं कागद आणला. काटेवाल्यानं, म्हणजे मी, चुकीचं बटण दाबलं, असं लिहिलेलं.

"अंगठा लाव."

"सही येते मला. तिसरी शिकलोय, वाचताही येतं." मी किटली त्याच्या टेबलावर आपटली. "मी आधी काय सांगितलं ते लिही. माझ्या नावासकट. मग सही."

"नोकरी जाई, बाबा."

"जाऊ दे."

तीन दिवस झाले. रोज कागद येतो, बिनसहीचा परत जातो. शेठ म्हणतो, एवढ्याशा गोष्टीला अडून बसलास. एवढीशी असती तर त्यांनीच लिहिली नसती का?

उद्याही मी कामावर जाणार. हाकललं तर फाटकाशी उभा राहून सांगणार, येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला. माझी अक्कल यांनी दुसऱ्याच्या नावावर चढवली. यांची चूक मी माझ्या नावावर चढू देणार नाही.