बोट ठेवलेलं फूल

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. शेतातल्या कामांचे फोटो काढत मी आंजी गावाच्या शिवारात हिंडत होतो. पिशवीत एक रंगीत रोल होता, पण तो मी उघडत नसे. रंगीत फोटो लग्नात काढावेत, कष्ट काळ्या-पांढऱ्यातच शोभतात, असं मोठं ठाम मत होतं माझं.

पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या शेतात, एक बाई निंदत होती. पन्नाशीची असेल. बोलायचं झालं की विळा कमरेला खोचायची आणि बोलणं संपलं की पुन्हा काढायची. मी कॅमेरा डोळ्याला लावला तेव्हा तिने विळा खोचला.

"रंगीत हाये का, भाऊ?"

"नाही मावशी, काळा-पांढरा."

तिने झाडावरची दोन फुलं दाखवली. एक फिकट पिवळं, एक गुलाबी. "हे पिवळं आज उमललं. हे गुलाबी कालचं. एका दिवसात रंग बदलते त्याचा. तुमच्या फोटोत कसं समजन?"

रंगीत रोल पिशवीतच होता, पण माझा हट्ट सुटेना. मग तीच हसली. पदराला बोट पुसून तिने ते पिवळ्या फुलाखाली धरलं. "घ्या आता काढून. बोट हाये ते आजचं. ध्यानात ठेवजा."

फोटोत दोन्ही फुलं सारखीच राखी आली. तिचं नाव मी विचारलं नाही, आणि तो रंगीत रोल कुठे गेला तेही आठवत नाही. पण बोट जागेवर आहे, आणि त्या बोटावरचं फूल इतकी वर्षं आजचंच आहे.